ज्ञानऋणाची फेड : डॉ. दौलतसिंह कोठारी

मेवाडच्या उदयपूर नगरीत ६ जुलै १९०६ रोजी एका जैन कुटुंबात दौलतसिंह कोठारी यांचा जन्म झाला. वडील फतेहलालजी शिक्षकी पेशात होते. १९१८ मध्ये साथीच्या रोगाने त्यांचे अकाली निधन झाले आणि लहानग्या भावंडांचा सारा भार मातुःश्री लहरबाई यांच्यावर येऊन पडला. थोरले दौलतसिंह तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. अशा घरातील मुलाचे शिक्षण तेथेच खुंटावे आणि त्याने चार पैसे मिळवण्याच्या मागे लागावे, असाच तो प्रसंग होता.

परंतु वडिलांचे स्नेही सिरेमलजी बापना पुढे आले. इंदूरच्या होळकर संस्थानात ते उच्च अधिकारी होते व पुढे तेथील पंतप्रधानही झाले. त्यांनी या मुलाला इंदूरला नेले आणि स्वतःच्या मुलांबरोबर त्याच्या शिक्षणाची सोय केली. १९२४ मध्ये इंटरमीजिएट परीक्षेत दौलतसिंहांनी विज्ञान व गणितात उत्तम यश मिळवले, तेव्हा मेवाडच्या महाराणांनी दरमहा ५० रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एका स्नेह्याचे घर आणि एका राजाची शिष्यवृत्ती, एवढ्या भांडवलावर हा विद्यार्थी अलाहाबाद विद्यापीठात दाखल झाला.

तेथील भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते डॉ. मेघनाद साहा. तेही पूर्व बंगालमधील एका खेड्यातल्या लहानशा दुकानदाराचे पुत्र. प्रचंड उष्णतेमुळे ताऱ्यांमधील अणूंपासून इलेक्ट्रॉन कसे सुटे होतात, याचे गणित त्यांनी १९२० मध्ये मांडले आणि जगभर कीर्ती मिळवली. दौलतसिंहांनी १९२८ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली व याच गुरूंच्या सान्निध्यात संशोधनाची दीक्षा घेतली. पदवीपर्यंत विद्यार्थी इतरांनी शोधलेले ज्ञान आत्मसात करतो. संशोधनात मात्र ज्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नाही, अशा प्रश्नापुढे त्याला बसावे लागते. ही साधना पुस्तकातून येत नाही, ती गुरूजवळ बसूनच साधते.

१९३० मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजला गेले. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख लॉर्ड रुदरफोर्ड हे अणुगर्भाचा शोध लावणारे थोर शास्त्रज्ञ. त्यांच्या व प्रा. फाउलर यांच्या सहवासात संशोधन करून दौलतसिंहांनी १९३३ मध्ये पीएच.डी. संपादन केली. गुरूने उष्णतेचा परिणाम दाखवला होता. शिष्याने पुढे सिद्ध केले की केवळ प्रचंड दाबानेही अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यावरून थंड खगोल जास्तीत जास्त केवढा असू शकेल याचे गणित त्यांनी केले. ते उत्तर गुरू ग्रहाच्या आकाराच्या जवळपास आले.

मायदेशी परतल्यावर १९३४ मध्ये त्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची धुरा स्वीकारली. विभाग त्या वेळी अगदी लहान होता. आर. सी. मजुमदार, एफ. सी. औलक यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह तेथे त्यांनी संशोधनाची परंपरा रुजवली. १९४३ पासून दिल्लीत तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. ऑनर्सचा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात आणि तेथून संशोधनाकडे वळावा, अशी वाट त्या विभागात तयार झाली. १९६१ पर्यंत, म्हणजे २७ वर्षे, ते या विद्यापीठात अध्यापन करीत राहिले.

याच काळात त्यांच्यापुढे एक अवघड जबाबदारी आली. १९४८ मध्ये ते संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या माणसाने शस्त्रविद्येच्या दालनात बसावे, हा विरोध लहान नव्हता. नवस्वतंत्र राष्ट्राच्या संरक्षणाचे कर्तव्य त्यांनी टाळले नाही आणि अण्वस्त्रांचे भीषण स्वरूप लोकांपासून झाकूनही ठेवले नाही. अणुस्फोटांच्या परिणामांविषयी त्यांनी तयार केलेला ग्रंथ १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. संहाराचे मोजमाप सत्य आकड्यांनिशी जगापुढे ठेवणे, हाच त्यांचा अहिंसेचा मार्ग होता.

१९६१ ते १९७३ या काळात त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. निवडक विद्यापीठ विभागांना प्रगत अध्ययन केंद्रांचा दर्जा देऊन संशोधनास बळ देणारी योजना याच काळातील. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते, तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक सदस्य-सचिव. १०+२+३ ही शिक्षणरचना याच आयोगामुळे देशभर गेली. भारतीय भाषांत शास्त्रीय परिभाषा घडविण्यासाठी १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाचेही ते पहिले अध्यक्ष होते. १९७३ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला.

इलेक्ट्रॉन कधी कण तर कधी तरंग भासतो. दोन्ही वर्णने परस्परविरोधी वाटली तरी पूर्ण सत्यासाठी दोन्ही आवश्यक आहेत, असे नील्स बोर यांनी प्रतिपादन केले होते. बोर यांच्या १९८५ च्या जन्मशताब्दी ग्रंथात डॉ. कोठारींनी या तत्त्वाचा पौर्वात्य दर्शनांशी असलेला संबंध उलगडून दाखवला. आपल्या स्याद्वादाचा विचार अशा रीतीने जगातील भौतिकशास्त्रज्ञांपुढे गेला.

४ फेब्रुवारी १९९३ रोजी जयपूर येथे त्यांची जीवनयात्रा संपली.

आपल्या समाजात ज्ञानदानाला मोठे स्थान आहे. वसतिगृहे व शिष्यवृत्त्या आपण उदार हस्ते देतो, परंतु मुलगा लवकर कमावता व्हावा अशी अपेक्षाही मनात बाळगतो. संशोधनाचे फळ मिळण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि त्याचा नफा घरच्या वहीत कधीच जमा होत नाही. इंदूरच्या त्या घराने आणि दरमहाच्या ५० रुपयांनी ही वाट पाहिली नसती, तर देश एका थोर शिक्षकाला मुकला असता. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेला एखादा मुलगा वा मुलगी आपल्या दारी आली, तर तिच्याकडून परतफेडीची घाई न करणे, हीच डॉ. कोठारींच्या पावन स्मृतीस खरी आदरांजली ठरेल.