गेओर्ग ओहम : कुलूपकाराचा मुलगा

ताइफ : समुद्रसपाटीपासून १८०० मीटरांच्या आसपास वसलेल्या या शहरात हिवाळ्याच्या रात्री हीटर लागतो, हे जेद्दाहच्या उकाड्यातून येणाऱ्याला खरे वाटत नाही. भारतातून आणलेला, २३० व्होल्ट व १००० वॉट असे लिहिलेला हीटर आम्ही जुन्या इमारतीतील १२७ व्होल्टच्या सॉकेटला लावला आणि तो जेमतेम कोमट झाला. दोष हीटरचा नव्हता. १००० ला २३० ने भागले की विद्युतधारा मिळते, सुमारे ४.३५ अँपिअर; २३० ला या धारेने भागले की तारेचा रोध जवळपास ५३ ओहम येतो. रोध तोच राहतो असे धरल्यास १२७ व्होल्टला धारा २.४ अँपिअर आणि शक्ती अवघी ३०५ वॉट. शाळेत दोन गुणांसाठी सोडवलेले हे गणित ज्याच्यामुळे शक्य झाले, त्याला ते फार महागात पडले.

गेओर्ग सिमोन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे घडविणारे कारागीर. स्वतः शिकून त्यांनी मुलांना गणित शिकविले. विद्यापीठात गेलेला गेओर्ग मात्र नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील स्केटिंग यांत रमला. संतापलेल्या वडिलांनी त्याला स्वित्झर्लंडला धाडले आणि १८०६ पासून तो तेथे शिक्षकी करू लागला. पोटासाठी गाव सोडण्याची ही पहिली वेळ. १८११ मध्ये परतून त्याने डॉक्टरेट मिळविली; १८१७ मध्ये कोलोन येथील शाळेत नोकरी लागली.

तेथील प्रयोगशाळेत त्याने तारांची लांबी बदलत विद्युतधारा मोजण्यास आरंभ केला. १८२५ मधील त्याचे पहिले सूत्र चुकीचे होते. त्या काळच्या बॅटरीचा जोर मोजता मोजताच उतरत असे. मग मोजमापावर विश्वास कसा ठेवावा? पोगेनडॉर्फ या संपादकाने उष्णतेवर चालणारा विद्युतस्रोत वापरण्याचे सुचविले. ओहमने बिस्मथ व तांबे यांचे सांधे केले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. तापमानातील फरक स्थिर, म्हणून विद्युतदाबही स्थिर. टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून धारा मोजली. आठ तारांची मोजमापे जुळली. सूत्रात स्रोताच्या स्वतःच्या रोधालाही जागा मिळाली. मला यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की छापून आलेली स्वतःची चूक त्याने वर्षभरातच दुरुस्त केली.

१८२७ मध्ये त्याने हे सारे ग्रंथरूपाने गणिती भाषेत मांडले. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती. ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत स्थिर काम मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिले, तेव्हा मायदेशाचेही लक्ष गेले. म्युनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी त्याचे निधन झाले.

हीटरच्या उष्णतेचे श्रेय अर्थात इंग्लंडच्या जेम्स जूलकडे जाते. धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात तार तापते, हे त्याने १८४० नंतर दाखविले. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहमचे नाव दिले.