डेनिस रिची : चूक नीट सांगावयास शिकविणारा शास्त्रज्ञ

गणिताच्या वहीवर गुरुजींनीं नुसतें ‘चूक’ एवढेंच लिहून ती परत दिली, तर तुमचा काय लाभ होईल? कोणत्या पायरीला व कोणत्या आंकड्यांत चुकलें हें कळेल, तेव्हांच तें सुधारतां येईल. संगणकाचीही गोष्ट हीच आहे. ज्यांच्या भाषेनें संगणकाला चूक सविस्तर सांगण्याची सोय दिली, त्या डेनिस रिची यांचें चरित्र आज पाहूं.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजीं अमेरिकेंत ब्राँक्सव्हिल येथें झाला. वडील बेल प्रयोगशाळेंत शास्त्रज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठांत शिक्षण घेऊन १९६७ सालीं डेनिसही त्याच प्रयोगशाळेंत रुजू झाले. तेथें १९६९ सालीं केन थॉम्पसन यांनीं युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. थॉम्पसन यांच्या ‘बी’ नामक लहानशा भाषेचा विकास करून रिची यांनीं ‘सी’ भाषा घडविली, आणि १९७३ सालीं युनिक्सचा गाभा तींत नव्यानें लिहिला गेला.

या भाषेंत प्रिंटएफ नांवाचें फंक्शन आहे. त्यास प्रथम वाक्याचा सांचा द्यावयाचा. सांच्यांत टक्क्याच्या चिन्हापुढें ‘डी’ असेल तेथें पूर्णांक बसतो, ‘एस’ असेल तेथें शब्द बसतो. मागून येणारीं मूल्यें दोन असोत कीं दहा, फंक्शन तेंच पुरतें. म्हणून फाईल उघडली नाहीं एवढेंच न सांगतां, कोणती फाईल, कोणती ओळ व कोणतें कारण, हें सारें एका वाक्यांत सांगतां येतें. अनिश्चित संख्येचीं मूल्यें घेणारें असें फंक्शन स्वतः लिहिण्याची रीत १९८९ च्या अमेरिकन मानकानें निश्चित केली. त्यामुळें प्रत्येक चुकीस दिनांक व वेळ जोडून ती नोंदवहींत उतरविणारें एकच फंक्शन साऱ्या कार्यक्रमास पुरूं लागलें. युनिक्समध्यें तर उत्तराची वाट एक आणि चुकीच्या इशाऱ्याची वाट निराळी ठेवण्यांत आली, म्हणजे दोहोंची सरमिसळ होऊं नये.

परंतु ही भाषा लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. सांच्यांत शब्दाची जागा ठेवून मागून आंकडा दिला, तर फंक्शनला तें ओळखतां येत नाहीं. मग चूक सांगावयास लिहिलेली ओळच कार्यक्रम बंद पाडूं शकते. परक्यानें पाठविलेला मजकूरच सांचा म्हणून वापरला, तर घुसखोरास वाट मिळते, हें २००० सालाच्या सुमारास जगास कळून चुकलें. स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते, ती अशी!

१९७८ सालीं ब्रायन कर्निघन यांच्यासह त्यांनीं ‘सी’ वर लिहिलेला ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. १९८३ सालीं थॉम्पसन यांच्यासह त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळालें. २००७ सालीं ते निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजीं ते आपल्या घरीं मृतावस्थेंत आढळले. ते एकटेच राहत असत. त्याच्या आठवडाभर आधीं स्टीव्ह जॉब्स वारले होते. त्या गाजावाजांत या शांत मनुष्याची वार्ता थोड्यांच्याच कानीं पडली.

तरी आज चकलांब्यांतील शेतकऱ्याच्या हातीं अँड्रॉइड मोबाईल असेल, तर त्याचाही गाभा बहुतांशीं ‘सी’ भाषेंतच लिहिलेला आहे. मुलांनो, चूक कोणाची टळली आहे? ती लपवूं नये. कोठें व कशी झाली तें स्पष्ट सांगावें. सुधारणेचा आरंभ तेथूनच होतो.