मुळशीचं पाणी रायगडच्या खाडीत कसं आलं? सेनापती बापट कशासाठी लढले?

कुंडलिका नदी भर उन्हाळ्यातही वाहते. घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी भिरा वीजकेंद्रातून तिच्यात उतरतं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. टाटा कंपनीच्या याच धरणाविरोधात १९२१ मध्ये मावळातले शेतकरी उभे राहिले. पारनेरला १८८० मध्ये जन्मलेले, विलायतेला शिकायला जाऊन बॉम्बची विद्या घेऊन परतलेले पांडुरंग महादेव बापट त्यांचे नेते झाले. 'सेनापती' ही ओळख इथलीच. काम थांबेना, तेव्हा १९२४ मध्ये त्यांनी पिस्तूल घेऊन कामाची रेल्वे अडवली. शिक्षा झाली सात वर्षांची. ते तुरुंगात असतानाच १९२७ मध्ये भिऱ्यात वीजनिर्मिती सुरू झाली. लढा जमिनीचा होता. खाली रोहा, रेवदंड्याच्या कोळ्यांच्या मासेमारीचा मुद्दा त्यात नव्हताच. बापट १९६७ मध्ये गेले. कुंडलिकेला किती पाणी येणार, हे आजही भिऱ्याच्या वीजनिर्मितीवर अवलंबून असतं.