विश्लेषण : चिंतेलाच प्रश्न विचारायला शिकवणारे अल्बर्ट एलिस कोण होते?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्यानंतर पावसाळी रात्री डोंगराखाली राहणाऱ्याला भीती वाटली, तर ती खोटी म्हणता येत नाही. मग खरा धोका आणि मनाने वाढवलेला धोका यांत फरक कसा करायचा? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी अर्धशतकाहून अधिक काळ याच प्रश्नावर काम केले.

आजारी, लाजाळू मुलगा

एलिस यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१३ रोजी पिट्सबर्गमध्ये झाला, वाढले न्यूयॉर्कमध्ये. मूत्रपिंडाच्या विकारामुळे लहानपणी त्यांना अनेकदा रुग्णालयात राहावे लागले. आईवडील भेटायला फारसे येत नसत. मोठेपणी चार लोकांत बोलायची आणि मुलींशी बोलायची त्यांना धास्ती वाटे.

१९ व्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. ब्राँक्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन त्यांनी शंभरावर अनोळखी महिलांशी बोलायचा प्रयत्न केला. काही जणी उठून गेल्या. एक भेटायला तयार झाली, पण आलीच नाही. तरीही आभाळ कोसळले नाही आणि भीती ओसरली.

उपचारपद्धती काय आहे?

१९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवून ते मनोविश्लेषणाकडे वळले. रुग्णाचा भूतकाळ वर्षानुवर्षे उकरूनही फरक पडत नाही, असे वाटल्याने त्यांनी ती वाट सोडली. प्राचीन तत्त्ववेत्ता एपिक्टेटस याच्या विचारांचा आधार घेत १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची विवेकनिष्ठ पद्धत मांडली.

तिचे सूत्र सोपे आहे. घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपला विचार असतो. त्या विचाराला तीन प्रश्न विचारायचे : याला पुरावा काय? हे तर्काला धरून आहे का? असा विचार करून माझे भले होते का?

समजा, चौकहून मुंबईला मुलाखतीला निघालेल्या तरुणाला वाटते, की नोकरी मिळालीच पाहिजे, नाहीतर आयुष्य संपले. नोकरी मिळावी ही इच्छा रास्त आहे. मात्र 'मिळालीच पाहिजे' हा हट्ट चिंता वाढवतो.

महाराष्ट्राशी नाते

ही पद्धत मराठीत रुजवली ती मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी याच आयुष्यावर आहे. एलिस यांचे निधन २४ जुलै २००७ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी झाले.

दरडीच्या भीतीचे काय?

एलिस भीती पुसून टाकायला सांगत नव्हते. उपयोगी काळजी आणि लुळे करणारी चिंता, असा भेद ते करत. हवामानाचा इशारा पाहणे, डोंगराला भेग दिसल्यास तलाठ्याला कळवणे, वेळेत सुरक्षित जागी जाणे ही काळजी. आकाश निरभ्र असतानाही आज रात्री सगळे संपणारच, असे मनात घोळवत राहणे ही चिंता; तिला पुरावा विचारता येतो. मात्र डोळ्यांदेखत माणसे गमावलेल्यांना केवळ प्रश्न पुरत नाहीत. त्यांना सुरक्षित घर, सोबत आणि तज्ज्ञांची मदत लागते.