लाकडी पायाचा ऑलिम्पिकवीर

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात २९ ऑक्टोबर १९०४ रोजी जॉर्ज आयझर या जिम्नॅस्टने एकाच दिवसात ऑलिम्पिकची सहा पदके जिंकली. तीन सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य. आयझरचा डावा पाय लाकडाचा होता आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे सारे धडधाकट होते. त्या काळी अपंगांसाठी वेगळा गट नव्हता, वेगळे ऑलिम्पिक नव्हते आणि कृत्रिम पायाबद्दल शास्त्रीय अहवाल मागणारी समितीही नव्हती. आयझर मैदानात उतरला, मोजला गेला आणि जिंकला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. कृत्रिम अवयव वापरणाऱ्या खेळाडूंनी सुदृढ खेळाडूंच्या स्पर्धेत उतरावे की नाही, हा प्रश्न आज लवादांपुढे आणि प्रयोगशाळांमध्ये चर्चिला जातो. त्या वादाच्या मुळाशी जायचे तर आयझरच्या आयुष्याकडे वळावे लागते.

जर्मनीतून अमेरिकेत

आयझरचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी उत्तर जर्मनीत, कील या बंदराच्या परिसरात झाला. तो चौदा वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. प्रथम डेन्व्हर व नंतर सेंट लुईस येथे त्याचे वास्तव्य होते. १८९४ मध्ये त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. तरुणपणी रेल्वेखाली सापडून त्याने डावा पाय गमावला, असे सांगितले जाते. पोटापाण्यासाठी तो एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस होता. दिवसा खातेवह्या आणि संध्याकाळी व्यायामशाळा, असा त्याचा दिनक्रम होता.

ही व्यायामशाळा म्हणजे कॉन्कॉर्डिया टर्नफेराइन. फ्रीडरिश लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळ खुले व्यायामाचे मैदान सुरू केले आणि त्यातून जर्मनीभर अशा संस्थांचे जाळे पसरले. समांतर बार, आडवा बार ही साधने याच परंपरेने रूढ केली. १८४८ ची क्रांती फसल्यावर अनेक जर्मनांनी अमेरिकेची वाट धरली आणि जाताना आपल्या व्यायामशाळाही बरोबर नेल्या. महाराष्ट्रातील तालमींशी आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांशी त्यांचे नाते सहज जुळावे. शरीर कमावणे, शिस्त आणि समाजाची बांधणी या तिन्ही गोष्टी तेथे एकाच छपराखाली चालत. पाय गमावलेल्या तरुणाला अशा ठिकाणी सामावून घेतले गेले, ही आयझरच्या कथेतील पहिली महत्त्वाची गोष्ट आहे. पदके पुष्कळ नंतर आली. व्यायामशाळेचे दार उघडे होते, म्हणून ती येऊ शकली.

तळाचा क्रमांक आणि सुवर्णपदक

१९०४ चे ऑलिम्पिक सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाला जोडून भरले होते आणि ते कित्येक महिने रेंगाळले. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा दोन टप्प्यांत झाल्या. जुलैमधील टप्प्यात शंभराहून अधिक स्पर्धक होते. त्यात साधनांवरील कसरतींबरोबर मैदानी खेळांचाही समावेश होता. शंभर यार्ड धावणे, लांब उडी आणि गोळाफेक अशा त्या तीन कसोट्या होत्या. साधनांवरील तिहेरी स्पर्धेत आयझर दहावा आला. मैदानी तिहेरी स्पर्धेत मात्र तो ११८ व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ तळाला फेकला गेला. एकत्रित गुणतालिकेत त्याचा क्रमांक ७१ वा लागला.

ऑक्टोबरमध्ये धावणे नव्हते, फक्त साधने होती. समांतर बारवर आयझर पहिला आला. दोरीच्या चढाईत २५ फुटांची दोरी त्याने सात सेकंदांत सर केली आणि दुसरा आलेला चार्ल्स क्राउस ०.२ सेकंदाने मागे राहिला. लांब घोड्यावरील उडीत फिलाडेल्फियाच्या अँटन हायडाबरोबर त्याचे गुण समसमान झाले आणि दोघांनाही सुवर्णपदक मिळाले. तेव्हा या उडीसाठी स्प्रिंगबोर्डाचा आधार नसे. लाकडी पाय घेऊन धावत यायचे, स्वतःच्या बळावर घोडा ओलांडायचा आणि त्याच पायावर उतरायचे, हे त्याने केले. आडव्या पकडीच्या घोड्यावर आणि चार साधनांच्या एकत्रित स्पर्धेत त्याला रौप्य, तर आडव्या बारवर कांस्यपदक मिळाले.

या यशाचे मोल ठरवताना एक गोष्ट विसरता येत नाही. सेंट लुईसला युरोपातील मातब्बर जिम्नॅस्ट फारसे आले नव्हते. आयझरचे प्रतिस्पर्धी मुख्यतः अमेरिकेतील जर्मन व्यायामशाळांचेच सदस्य होते. असे असले तरी त्यांना दोन्ही पाय होते आणि आयझरला एकच.

जुलै आणि ऑक्टोबरचे निकाल शेजारी ठेवले की आजच्या वादातील एक मोठा गोंधळ दूर होतो. माणूस तोच, लाकडी पाय तोच. तरीही एका स्पर्धेत तो तळाला गेला आणि दुसऱ्या स्पर्धेत अव्वल ठरला. म्हणजे कृत्रिम पायाने फायदा होतो की तोटा, याला एकच उत्तर नाही. ज्या खेळात पायाने जमीन रेटायची आहे, तेथे लाकूड म्हणजे ओझे. ज्या खेळात खांदे, दंड आणि पंजे सारे शरीर उचलतात, तेथे त्याचा अडसर कमी. कंबरेखालचे वजन घटले तर दोरीवर त्याचा लाभही होऊ शकतो, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण मग लांब घोड्यावरील उडीचे काय, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल.

त्याच ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन या संदर्भात आठवते. ३० ऑगस्ट १९०४ च्या त्या शर्यतीत फ्रेड लॉर्झ हा धावपटू बराचसा रस्ता मोटारीतून पार करून अंतिम रेषेवर पोहोचला आणि लबाडी उघड होताच बाद झाला. विजेता ठरलेल्या टॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिकनीन आणि ब्रँडी देण्यात आली होती. तरीही त्याचे पदक कायम राहिले. बाहेरची मदत कोठे सुरू होते, याचे नियम तेव्हा धूसर होते. मोटारीने लॉर्झसाठी धावण्याचे काम केले. आयझरच्या लाकडी पायाने त्याच्यासाठी कसरत केली नाही. साधन खेळाडूच्या जागी काम करते की खेळाडूला काम करू देते, हा भेद महत्त्वाचा आहे.

वेगळा प्रवाह

पदकांनंतरही आयझर व्यायामशाळेशी जोडलेला राहिला. कॉन्कॉर्डियाच्या संघाने १९०८ मध्ये फ्रँकफर्ट येथील आंतरराष्ट्रीय मेळावा आणि १९०९ मध्ये सिनसिनाटी येथील राष्ट्रीय मेळावा जिंकला. १९०८ च्या संघाच्या छायाचित्रात लांब विजार घातलेला आयझर सहकाऱ्यांच्या मध्यभागी उभा दिसतो. ६ मार्च १९१९ रोजी डेन्व्हर येथे वयाच्या ४८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पुढची अनेक दशके त्याचे नाव जुन्या निकालपत्रांतच राहिले. कृत्रिम पायाचा वाद पेटला तेव्हा ते पुन्हा बाहेर काढले गेले.

दरम्यान हंगेरीच्या ऑलिव्हर हलाशीने ट्राम अपघातात डाव्या पायाचा गुडघ्याखालचा भाग गमावल्यानंतरही १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये वॉटर पोलोची पदके मिळवली. त्यांतील शेवटची दोन सुवर्ण होती. १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी जखमी सैनिकांसाठी स्पर्धा सुरू केल्या आणि १९६० मध्ये रोम येथे पहिले पॅरालिम्पिक भरले. या प्रवाहाने भारताला आणि महाराष्ट्राला अभिमानाचा क्षण दिला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडले. वेगळा गट संधी देतो, पण समाजाचे लक्ष तिकडे वळायला किती वेळ लागतो, हे या विलंबावरून कळते.

प्रयोगशाळेपासून लवादापर्यंत

वादाला आजचे रूप दिले ते कार्बन फायबरच्या पात्यांनी. दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस दोन्ही पायांवर अशी पाती लावून ४०० मीटर धावू लागला. २००७ मध्ये जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने स्प्रिंगसारख्या तांत्रिक साधनांना मनाई करणारा नियम केला. कोलोन येथील चाचण्यांच्या आधारे जानेवारी २००८ मध्ये त्याच्यावर बंदी आली. समान वेगाने धावताना त्याला सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा लागते, असा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात क्रीडा लवादाने बंदी उठवली. शर्यतीची सुरुवात आणि वेग घेण्याचा टप्पा चाचणीत लक्षात घेतला नव्हता आणि एकूण फायदा सिद्ध झाला नव्हता, असे लवादाचे मत पडले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो धावला आणि उपान्त्य फेरीत थांबला. पुढे प्रेयसीच्या हत्येबद्दल तो दोषी ठरला. त्याच्या गुन्ह्याचा या प्रश्नाशी संबंध नाही, परंतु सहानुभूतीच्या बळावर नियम ठरवणे किती तकलादू असते, हे त्यातून अनेकांच्या ध्यानात आले.

जर्मनीच्या मार्कुस रेमचे प्रकरण आणखी अवघड ठरले. उजव्या पायाला पाते लावणाऱ्या रेमने २०१४ मध्ये सुदृढ खेळाडूंना हरवून ८.२४ मीटर लांब उडीसह जर्मनीचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. मात्र युरोपीय स्पर्धेच्या संघातून त्याला वगळण्यात आले. पाते लावून धावताना त्याचा वेग घटतो, पण त्याच पायाने झेप घेताना त्याला लाभ होतो, असे अभ्यासातून पुढे आले. दोन्हींची वजाबाकी कोणालाच ठामपणे करता आली नाही. रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिम्पिकची दारे त्याच्यासाठी बंदच राहिली. फायदा होत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करावे, अशी तरतूद महासंघाने २०१५ मध्ये केली होती. अमेरिकेच्या ब्लेक लीपरच्या खटल्यात २०२० मध्ये लवादाने ती बेकायदा ठरवली. लीपरला मात्र त्याच्या पात्यांची उंची जास्त असल्याच्या कारणावरून परवानगी मिळाली नाही.

आयझर जिंकत असताना हे प्रश्न उपस्थित झाले नाहीत, कारण त्याचे साधन लाकडाचे होते आणि त्याचे तोटे उघड होते. साधन सुधारले तशी शंका वाढली. मागे राहणाऱ्या अपंग खेळाडूचे सर्वत्र कौतुक होते, तो पुढे जाऊ लागला की मोजमाप सुरू होते. मोजमाप गैर नाही. शेजारच्या मार्गिकेतील खेळाडूनेही आयुष्य पणाला लावलेले असते आणि समान कसोटीचा हक्क त्यालाही आहे. मात्र हे मोजमाप खेळागणिक व साधनागणिक व्हावे, नियम स्पर्धेआधी जाहीर असावेत आणि शंका घेणाऱ्याने पुरावा द्यावा. सर्वांना सरसकट प्रवेश देण्यापेक्षा किंवा सर्वांना सरसकट रोखण्यापेक्षा हा मार्ग कष्टाचा आहे, पण न्यायाच्या जवळ जाणारा आहे.

गोवंडीच्या रुळांलगत

मुंबईच्या वाचकाला आयझरच्या अपघाताची कल्पना करण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. हार्बर मार्गावर चेंबूर आणि मानखुर्दच्या मध्ये वसलेल्या गोवंडीत वस्ती रुळांना भिडलेली आहे. पादचारी पुलाचा वळसा टाळून रूळ ओलांडणे ही येथे अनेकांची रोजची सवय असते. उपनगरी रेल्वेने हातपाय हिरावलेल्या माणसांची संख्या या महानगरात मोठी आहे. लोकलखाली दोन्ही पाय गमावलेल्या एका प्रवाशाने उच्च न्यायालयात दिलेल्या लढ्यामुळे स्थानकांवर तातडीच्या वैद्यकीय कक्षांचा प्रश्न मार्गी लागू लागला.

अशा वस्तीत पाय गमावलेल्या मुलाच्या वाट्याला बहुधा जयपूर फूट येतो. १९६०च्या दशकात रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेल्या या पायाने मांडी घालता येते, उकिडवे बसता येते आणि चिखलातून अनवाणी चालता येते. भारतीय जगण्यासाठी तो वरदान ठरला. पण तो धावण्यासाठी बनवलेला नाही. धावण्याच्या पात्याची किंमत लाखांच्या घरात जाते. म्हणून पात्याने अन्याय्य फायदा होतो का, या प्रश्नाआधी येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. या मुलाला शाळेच्या क्रीडादिनी मैदानात उतरवले जाते की हिशेबाची वही देऊन कडेला बसवले जाते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने क्रीडा सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तिची परीक्षा ऑलिम्पिकमध्ये नव्हे, तर अशा मैदानांवर होते.

आयझरही पेशाने हिशेबनीसच होता. सेंट लुईसच्या त्या व्यायामशाळेने त्याला वहीसमोरच बसवून ठेवले असते, तर त्याच्या लाकडी पायाचा फायदा-तोटा मोजण्याची वेळ कोणावर आली नसती. ऑलिम्पिकच्या निकालपत्रात त्याच्या नावापुढे त्याच्या पायाचा उल्लेख नाही. तेथे फक्त क्रमांक, गुण आणि सात सेकंदांची वेळ आहे.