अहिल्याबाईंच्या साठ घटका

देवळाचा दिवस काकड आरतीने उजाडतो आणि शेजारतीने मावळतो. मधल्या प्रत्येक वेळेला तिचे तिचे काम नेमून दिलेले असते. पूजेच्या वेळी पूजा, नैवेद्याच्या वेळी नैवेद्य, पुराणाच्या वेळी पुराण. एकाची वेळ दुसऱ्याने घ्यावयाची नाही, हा तेथील दंडक होय. हा दंडक आपण सर्वजण मानतो. परंतु देवदर्शन आटोपून घरी परतलो, की आपल्या स्वतःच्या दिवसास मात्र तो लागू करावा असे आपल्या मनात येत नाही. मग वेळ पुरत नाही ही तक्रार सुरू होते. लहानथोर, गरीब-श्रीमंत, सर्वांच्या तोंडी ती सारखीच असते. अशा वेळी ज्यांनी राजवाड्यातील आपला दिवस देवळाच्या दिवसासारखा बांधून घेतला आणि तो बांध अठ्ठावीस वर्षे सांभाळला, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या चरित्राकडे पुन्हा एकवार वळावे, असे आम्हांस वाटते.

अहिल्याबाईंचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. काशीचे विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, नर्मदेचे घाट, वाटसरूंसाठी बांधलेल्या विहिरी व धर्मशाळा यांच्या याद्या आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु हे सर्व ज्यांनी उभे केले, त्यांचा साधा, रोजचा दिवस कसा जात असे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज आम्ही त्याच बाजूने हे चरित्र सांगणार आहोत.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली, सीना नदीच्या काठी असलेल्या चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यात येते. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. गावच्या देवळात या मुलीची शांत व धीट वागणूक मल्हारराव होळकरांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतले, असे परंपरा सांगते. १७३३ साली खंडेरावांशी त्यांचा विवाह झाला. माहेर साधे, सासर मात्र सदा घोड्याच्या पाठीवर. सासऱ्यांनी सुनेला जमाखर्च, पत्रव्यवहार आणि फौजेची व्यवस्था या गोष्टी हाताखाली घेऊन शिकविल्या.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या होत्या आणि मल्हाररावांनी, आता माझा मुलगा तूच आहेस या भावनेने, त्यांना विनवून मागे ठेवले, असा वृत्तांत आहे. त्या राहिल्या. त्या दिवसापासूनचे आपले आयुष्य हे आपले नव्हे, ते ज्यांनी मागून घेतले त्यांचे आहे, अशी जणू त्यांची समजूत झाली असावी. कारण पुढे त्यांनी आपल्या वेळेवर स्वतःचा हक्क असा कधी सांगितला नाही. १७६५ साली मल्हाररावांनी त्यांना पाठविलेल्या पत्रात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जावे, तोफांच्या दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेवर चौक्या बसवाव्या, अशी कामे सांगितलेली आढळतात. सुनेवर एवढा भरवसा टाकणारा सासरा आणि तो पेलणारी सून, दोघेही त्या काळात दुर्मिळच.

१७६६ साली आलमपूर येथे मल्हारराव वारले. गादीवर बसलेले अहिल्याबाईंचे एकुलते एक पुत्र मालेराव १७६७ साली निवर्तले. दौलत निर्नायकी झाली असे पाहून राघोबादादा फौज घेऊन उज्जयिनीपर्यंत आले. अहिल्याबाईंनी शोक बाजूस ठेवून फौज जमविली, शेजारच्या सरदारांस पत्रे लिहिली आणि लढाईची सिद्धता केली. माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच पक्ष उचलून धरला आणि प्रसंग टळला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे सोपवून राज्यकारभार अहिल्याबाईंनी स्वतःकडे ठेविला आणि नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी नेली. तेथपासून १७९५ पर्यंतची अठ्ठावीस वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीचा काळ होय.

या काळातील त्यांच्या दिनक्रमाची माहिती आपणांस एका विरुद्ध पक्षाच्या माणसामुळे मिळते, हे विशेष. सर जॉन माल्कम हा इंग्रज सेनापती १८१७ साली महिदपूर येथे होळकरांच्याच फौजेशी लढला होता. पुढे माळव्याची व्यवस्था त्याच्याकडे आली, तेव्हा अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेली वृद्ध माणसे अद्याप हयात होती. त्यांच्याकडून त्याने बारकाईने चौकशी केली आणि १८२३ साली छापलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात ती नमूद केली. तिचा सारांश असा.

पहाट होण्यापूर्वी एक तास बाई उठत. स्नानसंध्या व पूजा आटोपल्यावर ठराविक वेळ धर्मग्रंथांचे श्रवण करीत. नंतर दानधर्म आणि ब्राह्मणांस स्वहस्ते अन्नदान. त्यानंतर स्वतःचे भोजन. त्यांच्या कुळात मांसाहार वर्ज्य नव्हता, तरी त्यांनी तो सोडला होता. भोजनोत्तर पुन्हा थोडा वेळ देवाचे नाव आणि अल्पशी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येऊन बसत आणि सायंकाळी सहापर्यंत बसत. पुढील दोन-तीन तास पूजा आणि साधा फराळ यांत जात. रात्री नऊ वाजता पुन्हा कामास आरंभ होई व तो अकरापर्यंत चाले. मग निद्रा. व्रते, सण आणि राज्यावरील संकटे यांखेरीज या क्रमात फारसा फरक पडत नसे.

आपल्या जुन्या गणनेने दिवसरात्रीच्या घटका साठ. त्या मोजून पाहिल्या तर हिशेब मोठा बोधप्रद निघतो. दुपारच्या चार तासांच्या दहा घटका आणि रात्रीच्या दोन तासांच्या पाच, मिळून पंधरा घटका राज्याच्या. निद्रेस सुमारे तितक्याच. उरलेल्या तीस घटका देव, दान, भोजन आणि विसावा यांच्या. म्हणजे रोजचा एक चतुर्थांश प्रजेचा, आणि तो न चुकता. अठ्ठावीस वर्षांचे दिवस दहा हजारांवर होतात. सणवार आणि व्रतांचे दिवस वजा टाकले, तरी प्रजेच्या पदरात पडलेले तास पन्नास हजारांच्या खाली येणार नाहीत. हा हिशेब आमचा आहे. बाईंनी तो कधी केला असेल असे वाटत नाही. ज्याला देणे फेडावयाचे असते तो फेडीत जातो, मोजीत बसत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या दिनक्रमात घाई कोठेच नाही. पूजेस पूर्ण वेळ आहे, श्रवणास आहे, भोजनोत्तर विसाव्यासही आहे. क्षणाचे सार्थक करणे म्हणजे एका क्षणात चार कामे कोंबणे, अशी समजूत आजकाल बळावली आहे. अहिल्याबाईंचा दिवस तसा नव्हता. ज्या घटकेवर ज्याचा हक्क, ती त्याला पुरती द्यावयाची, इतकाच त्यांचा नियम होता. पूजेच्या घटकेत दरबार शिरत नसे, आणि दरबाराच्या घटकेत बसल्यावर पूजेचे निमित्त सांगून त्या उठत नसत.

आणि त्या दरबारात काय चाले? बाई पडद्याआड न बसता उघड्या दरबारात बसत आणि आलेल्याचे म्हणणे स्वतः ऐकत. तंटे पंचांकडे किंवा कारभाऱ्यांकडे सोपविण्याची रीत त्यांनी राखली होती. तथापि त्यांच्यापर्यंत आलेली फिर्याद कितीही क्षुल्लक असली, तरी तिचा तपास करताना त्या कंटाळत नसत, असे माल्कमने लिहून ठेविले आहे. क्षुल्लक हा शब्द ऐकणाऱ्याच्या बाजूचा आहे. बांध कोरला गेलेल्या शेतकऱ्यास किंवा वतन अडलेल्या पाटलास आपली फिर्याद क्षुल्लक वाटत नाही. तो दोन दिवसांची वाट चालून येतो, शेत उघडे टाकून येतो. दरबार दुपारी ठरल्या वेळी भरणार, हे त्यास ठाऊक असणे म्हणजे त्याचे दोन दिवस वाचणे. थोरांनी वेळ चुकविली, की तिची किंमत नेहमी लहानांना मोजावी लागते. अहिल्याबाईंच्या नियमितपणाचे खरे मोल आम्हांस येथे दिसते. स्वतःच्या वेळेबरोबर त्यांनी दुसऱ्याचा वेळही जपला.

त्यांच्या दानधर्मातही हीच दृष्टी आढळते. दान योग्य घटकेस पोहोचले पाहिजे. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंस पाणी देणारी माणसे बसविली जात. थंडीच्या आरंभी, ती सरल्यावर नव्हे, दुबळ्यांस वस्त्रे वाटली जात. महेश्वरानजीक भर उन्हात औत चालले असता बाईंचा चाकर पाणी घेऊन येई, औत थांबवून बैलांस पाजी आणि मग औत पुढे चाले. शेतकरी पाखरांस पिकावरून हाकलतो, यात त्याचा दोष नाही, हे जाणून त्यांनी काही उभी शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेविली होती. दक्षिणेतील दूरदूरच्या देवस्थानांस अभिषेकासाठी गंगेचे पाणी नियमाने पोहोचविण्याची व्यवस्थाही त्यांनी लावून दिली होती. देऊळ बांधणे हे एकदाचे काम. तेथील रोजची पूजा चालू राहणे हे नित्याचे. बाईंची नजर नित्याच्या कामावर असे.

असा बांधलेला दिवस सुखाच्या काळात सांभाळणे फारसे अवघड नाही. त्याची कसोटी दुःखात लागते. बाईंना मुक्ताबाई नावाची एक कन्या होती. ती यशवंतराव फणसे यांना दिली होती. मुक्ताबाईंचा मुलगा, बाईंचा लाडका नातू, महेश्वर येथे वारला. आणि सुमारे वर्षभराने, १७९१ साली, यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. आईने परोपरीने विनविले. जे शब्द १७५४ साली सासऱ्याने बाईंना सांगितले असतील, तेच आता त्यांनी मुलीस सांगितले असतील. परंतु यावेळी त्यांचा उपयोग झाला नाही. राज्यातील प्रत्येक फिर्याद ऐकणाऱ्या या स्त्रीस त्या क्रूर चालीपुढे आपल्या पोटच्या मुलीस वाचविता आले नाही. नर्मदेच्या काठी त्या उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेविले होते. त्यानंतर त्या वाड्यात गेल्या, आणि तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की शब्द उच्चारला नाही.

अठ्ठावीस वर्षांच्या त्या नियमबद्ध आयुष्यात हे तीन दिवस निराळे पडतात. ते दुःखाचे होते आणि बाईंनी ते दुःखालाच दिले, असे आम्ही समजतो. कोरडेपणाने दुसऱ्याच दिवशी दरबारास येऊन बसणे यास आम्ही मोठेपणा म्हणणार नाही. मोठेपणा याच्यात, की त्या त्यांतून उठल्या. मुलीचे स्मारक बांधविण्यात त्यांनी मन घातले आणि राज्याचे काम पुन्हा हाती घेतले. वय सहासष्ट, पती, पुत्र, कन्या, जावई, नातू, कोणीच मागे उरले नव्हते. तरीही दुपारच्या दहा घटका आणि रात्रीच्या पाच घटका त्यांच्याकडे मागणाऱ्यांचे हात पुढे होतेच.

मायलेकींच्या या दोन प्रसंगांकडे एकत्र पाहिले म्हणजे मन स्तब्ध होते. १७५४ साली बाई चितेवर गेल्या असत्या, तर काशी, गया आणि सोमनाथ येथील ती कामे त्यांच्या हातून झाली नसती, आणि महेश्वरच्या विणकरांस त्यांचा आश्रय मिळाला नसता. वाचलेल्या एका आयुष्यातून एकेचाळीस वर्षे निघाली. मुक्ताबाईंच्या आयुष्यातून काय निघाले असते, हे मात्र कोणासही कळणार नाही. मनुष्याच्या एका दिवसाचे मोल काय, याचे याहून कठोर उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला होता. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे सांगून तो नर्मदेत सोडविला. रचणाऱ्याने कष्ट घेतले होते, म्हणून ऐकण्याची घटका त्यास दिली. परंतु स्वतःचे कौतुक जवळ बाळगण्यास त्यांच्या साठ घटकांत जागा नव्हती.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे त्यांनी देह ठेविला. वय सत्तर वर्षांचे होते. त्यांच्या पुण्यतिथीस इंदुरात अहिल्योत्सव होतो, पालखी निघते, आपल्यापैकी अनेक कुटुंबे तीत सामील होतात. ते योग्यच आहे. परंतु पालखी वर्षातून एकदा निघते आणि दिवस रोज उजाडतो.

राज्य चालविणे आपल्या वाट्यास आलेले नाही. तरी प्रत्येक घरात एखादे वृद्ध माणूस आपले म्हणणे ऐकून घेणाराची वाट पाहत असते, एखादे मूल शाळेतील गोष्ट सांगण्यास कधीचे उभे असते, आणि आपल्या मंडळाच्या सभेस वेळेवर येऊन बसलेली चार माणसे मागाहून येणारांची वाट पाहत असतात. त्यांचीही फिर्याद क्षुल्लकच असते. साठ घटकांतून त्यांची एक घटका निराळी काढून ठेवावी, आणि ती आली म्हणजे दुसऱ्या कोणास देऊ नये. वाचकांनी येत्या काकड आरतीपासून एवढा एकच नियम करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.