बेलसाहेबांचा हातमोजा

संध्याकाळी टावर चौकात घटकाभर उभे राहावे. फ्रीगंजातील निम्मी माणसे कानाशी फोन धरून चाललेली दिसतात. त्याच गर्दीत एखादे चिमुरडे आईचा पदर ओढते, फुगेवाल्याकडे बोट करते, गाल फुगवून दाखवते. तोंडातून शब्द मात्र नाही. तो फोन आणि ते ऐकू न येणारे मूल, या दोहोंशी एकाच गृहस्थाचे नाव निगडित आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे अध्यापक, आई जवळजवळ बहिरी. इतर मंडळी तिच्या कर्णनळीत मोठ्याने बोलत. हा मुलगा तिच्या कपाळाजवळ ओठ नेऊन खालच्या स्वरात बोले आणि घरातले संभाषण बोटांच्या लिपीने तिला कळवी.

१८७१ साली ते बॉस्टनला कर्णबधिरांचे शिक्षक झाले. लवकरच जॉर्ज सँडर्स हा पाच वर्षांचा, जन्मतः बहिरा मुलगा त्यांच्याकडे आला. खेळण्यांसाठी नावांच्या चिठ्ठ्या केल्या. मुलाने खुणेने खेळणे मागावे आणि गुरुजींनी त्याची चिठ्ठी पुढे धरावी, असा तो खेळ. ऐकणारे मूल बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने नुसते ऐकत असते. तसे याने शब्द आधी नुसते पाहावेत, हा त्यामागचा विचार. पुढे एका हातमोजावर मुळाक्षरे लिहिली. अक्षरांवर बोट टेकवीत गुरुशिष्यांच्या गप्पा चालू झाल्या. आपल्या मते बेल यांची ही कामगिरी टेलिफोनहून तसूभरही उणी नाही. टेलिफोनच्या प्रयोगांना पैसा पुरविणाऱ्यांतही या जॉर्जचे वडील होतेच.

७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले. १८७७ साली मेबल हबर्ड या आपल्या विद्यार्थिनीशी त्यांनी विवाह केला. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. हेलन केलरच्या वडिलांना बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेची वाट दाखविली तीही बेल यांनीच.

आणि तरीही कर्णबधिर समाजाचा त्यांच्यावर रोष आहे, तो अकारण नव्हे. मुलांनी ओठ वाचावेत, तोंडाने बोलावे, खुणांच्या भाषेला शाळेत थारा नको, असा त्यांचा आग्रह. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्ने करू नयेत, इथवर त्यांची मजल गेली. १८८० च्या मिलान परिषदेनेही खुणांविरुद्ध कौल दिला. १८८५ साली मुंबईत आपल्या देशातील पहिली कर्णबधिर शाळा निघाली, तेव्हा हेच वारे वाहत होते. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडेही वाचेवरच भर राहिला. मिलानच्या त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. तोवर किती घरांतून मुलांचे हात खाली दाबले गेले असतील! आज श्रवणयंत्रे आहेत, शस्त्रक्रिया आहे. पण पहिल्या चार-पाच वर्षांत मुलाला खुणांची वा वाचेची, कोणतीच भाषा पुरती मिळाली नाही, तर ती उणीव नंतर भरून काढणे फार कठीण जाते.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील बॅडेक येथे बेल वारले. शेवटच्या घटकेला मेबलबाईंनी त्यांना सोडून न जाण्याची विनवणी केली. तोंडून शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी तिच्या हातावर बोटांनीच नकाराची खूण केली, असे चरित्रकार सांगतात.